भाड्याची गाडी आणि तोंचीकाकांची वल्ही

समुद्रकाठच्या पोद्लुका गावात सहज म्हणून कुणी कुठं जात नाही. माणूस जातो तो डॉक्टरकडे, वकिलाकडे, नाहीतर मयताला. त्यामुळे सप्टेंबरातल्या एका सकाळी शेजारच्या तोंचीकाकांनी "कुठं निघालात?" असं विचारल्यावर विल्कोनं जे "जरा सहज, फिरायला" असं उत्तर दिलं, ते नगरपालिकेच्या पाणीपट्टी खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला शोभणारं नव्हतं. खात्यात असताना त्यानं असं मोघम उत्तर कधीच दिलं नसतं.

विल्को मूळचा तिकडचा नव्हे. तो उत्तरेकडच्या सपाट मुलखातल्या चाकोवेत्सचा. तिथं डोंगर नाही, समुद्र नाही, आणि शेजारी काही विचारायच्या आधी दार वाजवतात. त्याची बायको नेवेन्का मात्र पोद्लुक्याची. लग्नाला तीस वर्षं होत आली तरी गावानं त्याला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. तो 'जावई' होता. म्हातारे त्याला जावईबापू म्हणत, आणि त्या 'बापू'मध्ये मान किती आणि मस्करी किती हे त्याला अजून उमगलेलं नव्हतं. पाववाला जावई म्हणे, पाद्री जावई म्हणत, आणि एकदा पोस्टानं त्याच्या नावाचं पाकीट परत पाठवलं होतं, कारण या नावाचं गावात कुणी राहत नाही असं पोस्टमनचं प्रामाणिक मत पडलं.

दर उन्हाळ्यात विल्को सासुरवाडीला सुटी घालवायला येई. म्हणजे झडपा रंगवायला येई. येर्काबाईंच्या, म्हणजे त्याच्या सासूबाईंच्या, दगडी घराला हिरव्या लाकडी झडपांच्या खिडक्या होत्या, आणि खारट हवेत त्या हिरव्या राहायला तयार नसत. तीस उन्हाळे ब्रश चालवून विल्को झडपांचा जाणकार झाला होता. डोंगराच्या बाजूच्या झडपांचे बिजागर आधी ढिले होतात, कारण डोंगरावरून समुद्राकडे बुरा वारा सुटला की त्याच झडपा धाडकन लावाव्या लागतात. समुद्राच्या बाजूच्या झडपांना मात्र कुणी हात लावत नाही. वारा असो, ऊन असो, त्या बोटभर का होईना उघड्याच. त्या लावल्या तर धक्क्यावर कुणाची होडी आली, कोण कुणाशी बोललं, कुणाच्या टोपलीत काय होतं, हे माणसाला कळायचं कसं? पोद्लुक्यात समुद्राकडची झडप लावून घेणं म्हणजे वर्तमानपत्र बंद करण्यासारखंच होतं.

तर त्या सकाळच्या फिरण्यामागं एक गोष्ट होती. विल्को आणि नेवेन्काचं लग्न युद्धाच्या काळात लागलं. तेव्हा नवराबायकोनं कुठं फिरायला जायचं असतं हे कुणाला आठवलंही नाही. लग्नाच्या दिवशी नेवेन्का म्हणाली होती, "सगळं निवळलं की आपण माली झालला जाऊ. तिथल्या धक्क्याच्या टोकाला बसून मासे खाऊ. आपण दोघंच. आणि कुणी आपल्याला काही विचारणार नाही." माली झाल हे किनाऱ्यानं पुढं गेलं की लागणारं कोळ्यांचं इवलंसं गाव. लहानपणी वडिलांच्या होडीतून ती तिथं एकदा गेली होती. पुढं युद्ध निवळलं, मुलगी झाली, ती मोठी होऊन आयर्लंडला गेली, झडपा तेवढ्या दर वर्षी रंगवायच्या राहिल्या. नेवेन्कानं पुन्हा कधी माली झालचं नाव काढलं नाही. विल्को मात्र ते विसरला नव्हता.

यंदा त्यांची स्वतःची गाडी चाकोवेत्सला गिअरबॉक्स उघडून पडली होती आणि ते बसनं आले होते. एरवी विल्कोनं नशिबाला बोल लावला असता. या खेपेला त्यानं कुणाला पत्ता लागू न देता म्लादेनकडून एका दिवसासाठी गाडी भाड्यानं घेतली. म्लादेन हा नेवेन्काच्या मावसबहिणीचा दीर. नात्यानं जवळचा, गाडीच्या बाबतीत परका. त्याची ती छोटी पांढरी गाडी देव्हाऱ्यातल्यासारखी चकचकीत होती.

"वाळू नाही, ओले कपडे नाहीत, आणि मासा नाही," म्लादेननं किल्ली हातात ठेवायच्या आधी सांगितलं. "वाळू झाडता येते. कपडे वाळतात. मासा मात्र जात नाही. गेल्या वर्षी एका बाईनं पर्समध्ये एक कोळंबी नेली होती. एकच. मला अजून तिचा वास येतो."

"आम्ही मासे तिथंच खाणार," विल्को म्हणाला. "धक्क्यावर."

"पोटातला चालेल," म्लादेन म्हणाला.

अशी ती गाडी सकाळी येर्काबाईंच्या दारात उभी राहिली. नेवेन्कानं या दिवसासाठी म्हणून घेतलेला लाल रुमाल गळ्याभोवती बांधला होता आणि आरशात न बघितल्यासारखं करत तीन वेळा बघितलं होतं. विल्को दार उघडणार एवढ्यात समोरच्या घराची झडप बोटभराची हातभर झाली, आणि मघाशी सांगितलेला प्रश्न आणि मघाशी सांगितलेलं ते उत्तर झालं.

"सहज," तोंचीकाकांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "भाड्याच्या गाडीनं. दोघंच. रुमाल बांधून."

झडप मिटली. इतक्यात ती बातमी पावाच्या दुकानात पोचलीही. विल्को गाडीची काच पुसत होता तोवर त्याच्या मूत्रपिंडात खडा झाला होता. काच पुसून होईस्तोवर तो बरा होऊन नेवेन्का येर्काबाईंच्या ऑलिव्हच्या वाडीची वाटणी करायला वकिलाकडे निघाली होती. शेजारची दिन्कावहिनी एप्रनला हात पुसत घरात शिरली ती थेट येर्काबाईंच्या गळ्यातच पडली.

"येर्कामावशी, जिवंतपणीच वाटणी? आणि तेही जावयानं पुढाकार घेऊन?"

येर्काबाई कंबरेवर हात ठेवून अंगणात आल्या. त्या जगात दोनच गोष्टींना भीत. एक म्हणजे खोलीत घुसणारी वाऱ्याची झुळूक, आणि दुसरी म्हणजे आपल्या घराविषयी आपल्याला माहीत नसलेली बातमी.

"कुठं चाललात ते नीट सांगा," त्या विल्कोला म्हणाल्या. "नाहीतर दुपारपर्यंत हे गाव मला पुरून येईल."

"माली झालला, आई."

"बघ," येर्काबाई दिन्कावहिनीला आणि समोरच्या मिटलेल्या झडपेलाही ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "माली झालला चाललेत. कुणी आजारी नाही, कुणी वाटणी करत नाही."

संशय फिटला, पण त्याहून मोठं संकट उभं राहिलं. पोद्लुक्यातून एखादी गाडी कुठंतरी जाते आणि तिच्यात जागा आहे, ही गोष्ट गावाला सहन होत नाही. रिकामी गाडी जाणं म्हणजे अन्न टाकून देण्यासारखं पाप. दिन्कावहिनी लगबगीनं घरात गेली आणि खारवलेल्या सार्डिनचा एक भला मोठा पत्र्याचा डबा घेऊन आली. तिची धर्मकन्या माली झालला दिली होती, आणि धर्ममातेच्या हातच्या सार्डिनशिवाय तिला दिवस जात नाहीत असं कळलं.

"वहिनी, या गाडीत मासा चालत नाही," विल्को म्हणाला.

"हा मासा कुठं आहे?" दिन्कावहिनी दुखावून म्हणाली. "हे तर सार्डिन आहे. आणि घट्ट बंद आहे."

मग तोंचीकाका आले. ते मोकळ्या हातांनी आले नव्हते. त्यांच्या एका खांद्यावर दोन लांबच्या लांब वल्ही होती आणि दुसऱ्या हातात वेताच्या वेष्टनातली वाइनची मोठी बरणी. माली झालला त्यांचा मेहुणा लोव्रे राहत असे. ही वल्ही त्यांनी लोव्रेकडून बरीच वर्षं झाली उसनी आणली होती, आणि ती परत करायला आजवर योग्य गाडी मिळाली नव्हती.

"ही कशी बसणार?" विल्कोनं विचारलं.

"मी बसवतो की. मी येतोच आहे. वल्ह्यांना माझी सवय आहे."

वल्ही बसली. गाडीचं मागचं दार दोरीनं अर्धवट बांधून उघडं ठेवलं, वल्ह्यांची पाती मागं बाहेर काढली आणि दांडे पुढच्या दोन सीटांच्या मधून थेट समोरच्या काचेपर्यंत आणले. म्हणजे विल्को आणि नेवेन्का यांच्या मधोमध आता दोन वल्ही आडवी आली होती. तीस वर्षांनी दोघंच निघालेल्या नवराबायकोनं एकमेकांकडे बघायचं तर वल्ह्याच्या वरून बघावं लागणार होतं. विल्कोनं मान उंचावून बघितलं. नेवेन्का हसत होती, पण ते हसू पाहुण्यांसमोरचं होतं.

"तोंची जातोय आणि मी नाही?" येर्काबाई शाल गुंडाळत म्हणाल्या. "माली झालला जाऊन पेरीनाला न भेटता आलात तर ती मला आयुष्यभर बोलेल. आमची मैत्रीण आहे ती शाळेपासूनची. सरक रे तोंची. आणि ते मागचं दार बंद कर, वारा येतो."

"मग वल्ही मोडतील, येर्का."

"वल्हं मोडलं तर दुसरं मिळतं. मान आखडली तर काय करू?"

सगळा किनारा त्या एका वाऱ्याच्या झोतावर भांडत पार पडला. दार उघडं म्हणून येर्काबाईंना झुळूक लागे, म्हणून काचा बंद. काचा बंद म्हणून तोंचीकाकांना गुदमरे, म्हणून काच थोडी खाली. काच खाली म्हणून येर्काबाई शालीत आणखी खोल. डाव्या हाताला सबंध समुद्र पसरलेला होता, बेटं होती, ऊन होतं. विल्कोच्या वाट्याला त्यातलं वल्ह्याचं एक टोक आलं, तेही नाकासमोर. दहाच्या सुमाराला तोंचीकाकांनी गाडी थांबवायला लावली, कारण दहा वाजता माणूस काही खात नसेल तर तो माणूस नव्हे. मग ओळखीच्या एका घरी कॉफी झाली, कारण दारावरून जाऊन कॉफी न घेणं म्हणजे भांडण काढणं. त्या घरातून निघताना एक कोबी गाडीत आला. पुढच्या ओळखीच्या घरी पुन्हा कॉफी झाली आणि एक भोपळा आला. पाणीपट्टी खात्यात कॉफीला एकच सुटी असते, असं विल्कोनं जरा ताठ्यानं सांगितलं. ते कुणी मनावर घेतलं नाही.

तोंचीकाकांनी काचेतून वर डोंगराकडे बघितलं. शिखरावर ढगाची पांढरी पट्टी बसली होती.

"डोंगरानं टोपी घातली," ते म्हणाले. "आज बुरा सुटणार."

"मग परत फिरायचं का?" विल्कोनं विचारलं.

"परत कशाला? बुरा काय, पोद्लुक्यातही सुटेल."

थोडं पुढं गेल्यावर पोलिसानं हात दाखवला. तो तरुण होता, कडक इस्त्रीचा होता, आणि त्यानं गाडीभोवती एक फेरी मारून मागं बाहेर आलेल्या वल्ह्यांकडे न्यायाधीशासारखं बघितलं.

"हे काय आहे?"

"वल्ही," विल्को म्हणाला.

"ते दिसतंय. गाडीत कशाला?"

 विल्कोलाही सकाळपासून हाच प्रश्न पडला होता. त्याच्या वतीनं मागून येर्काबाई बोलल्या. "तू मारिजनचा ना रे? कपाळ अगदी मारिजनचं आहे. आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे?"

पोलीस एकदम आठ वर्षांचा झाला. आईचा गुडघा बरा होता. पण कायदा कायदा होता. मालाचं टोक बाहेर आलं की त्याला लाल कापड बांधायलाच हवं. लाल कापडाशिवाय तो मारिजनचाच काय, पोपचा मुलगा असता तरी सोडू शकत नव्हता. सगळ्यांनी गाडीत लाल काही सापडतंय का ते शोधलं. कोबी होता, भोपळा होता, सार्डिनचा डबा निळा होता. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी गेल्या.

नेवेन्का गाडीतून उतरली. तिनं गळ्याभोवतीचा रुमाल सोडला आणि वल्ह्याच्या पात्याला नीट गाठ मारून बांधला. विल्को आरशातून बघत होता. ती काही बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं, पण ती परत येऊन बसली आणि पट्टा लावला.

माली झालच्या वरच्या वळणावर बुरा सुटला. तोंचीकाकांनी सांगितला होता तसाच, डोंगरावरून थेट समुद्रात उडी मारल्यासारखा. गाडी एका बाजूला ढकलली गेली, भोपळा येर्काबाईंच्या मांडीवर आला, आणि आरशात विल्कोला लाल रंगाचा एक ठिपका दिसला. तो वर गेला, समुद्रावर गेला आणि दिसेनासा झाला. नेवेन्कानंही तो बघितला असणार, कारण तिनं मान दुसरीकडे फिरवली.  आजच्या दिवसासाठी जे ठरवलं होतं त्यातलं काहीही होणार नाही हे विल्कोला तेव्हा कळून चुकलं.

"आता डावीकडे घ्या, जावईबापू," तोंचीकाका म्हणाले.

"मोठा रस्ता सरळ जातोय की."

"मोठ्या रस्त्यानं पाहुणे जातात. मला गाव पाठ आहे. धक्क्यावरून चर्चकडे जाणारी गल्ली आहे ना, तीच ही. फक्त आपण उलटीकडून येतोय."

गाव तोंचीकाकांना खरंच पाठ होतं. फक्त ते गावात आले होते ते प्रत्येक वेळी होडीनं, आणि ती गल्ली त्यांनी चढली होती ती पायी, फार तर दोन्ही बाजूंना टोपल्या लादलेल्या गाढवामागून. गाढव जाई म्हणजे गल्ली रुंद, असा त्यांचा हिशेब होता. दर्यावर जन्म काढलेल्या माणसाला रस्त्याची रुंदी कळावी अशी अपेक्षा धरण्यात विल्कोचीच चूक होती. त्यानं डावीकडे घेतलं. दगडी भिंती आधी मैत्रीनं जवळ आल्या, मग लगट करायला लागल्या. आरसे मिटले. गाडी खाली खाली घसरत गेली, आणि एका घराचा कोपरा पुढं आला होता तिथं दोन्ही बाजूंनी हलकासा आवाज होऊन थांबली. मागं घ्यावी तर पायांनी गुळगुळीत झालेल्या दगडांवर चाकं जागच्या जागी फिरत. दारं उघडेनात. पुढच्या सीटखाली सार्डिनचा डबा उलटा झाला होता आणि घट्ट बंद असलेल्या त्या डब्यातून खारं पाणी सुटलं होतं.

गल्लीतल्या झडपा एकेक करून उघडल्या.

"कोण आहे?" वरून एका बाईनं विचारलं.

"येर्काचा जावई," दुसऱ्या खिडकीनं उत्तर दिलं. गावात पाऊल टाकायच्या आत त्याची कीर्ती तिथं पोचली होती.

मग सल्ले सुरू झाले. भिंतींना साबण लावा. चाकांतली हवा सोडा. संध्याकाळपर्यंत थांबा, थंडीत लोखंड आक्रसतं. एका म्हातारबुवांनी सुचवलं की कोपरा आपल्या चुलतभावाच्या घराचा आहे, तो जर्मनीत असतो, त्याला फोन करून कोपरा फोडायची परवानगी मागावी. मात्र तो फोन दुपारी घेत नाही. दुपार हीच होती. जेवणं उरकून अंग जड व्हायची वेळ, त्यामुळे सल्ला देणारा प्रत्येक जण खिडकीत हनुवटी टेकवून देत होता, खाली कुणी येत नव्हतं. गाडीत सासूबाई, तोंचीकाका, वल्ही, वाइन, कोबी, भोपळा आणि चाकोवेत्सचा एक अब्रूदार माणूस असे सगळे सार्डिनच्या वासात बसून होते.

"मला वाटतं साबणच," तोंचीकाका म्हणाले.

तेव्हा नेवेन्का बोलली. ती ओरडली नाही. पण गल्ली अरुंद होती, काचा अर्ध्या उघड्या होत्या, आणि बुऱ्यानं नेमकी तेव्हाच उसंत घेतली.

"तीस वर्षं," ती म्हणाली. "तीस वर्षं हा माणूस माझ्या माहेरच्या झडपा रंगवतो. मी काही मागितलं नाही कधी. एकदा धक्क्यावर बसायचं होतं. आम्ही दोघंच. कुणी काही विचारू नये म्हणून. यानं लक्षात ठेवलं होतं, आई. मी विसरले होते आणि यानं लक्षात ठेवलं." मग ती थांबली. "आणि आमच्यामध्ये ही वल्ही."

 तोंचीकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. वरच्या खिडक्यांतले सल्ले थांबले. येर्काबाई "हं" एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी शाल कमरेला खोचली, भोपळा तोंचीकाकांच्या मांडीवर ठेवला, आणि ज्या दारातून सकाळपासून त्यांना झुळूक लागत होती त्याच मागच्या दारातून, वल्ह्यांवरून, पाय पुढं करून बाहेर पडल्या. गल्लीत उभ्या राहून त्यांनी वर बघितलं.

"पेरीना," त्यांनी हाक मारली. "खाली ये. आणि तुझ्या त्या आळशांना उठव. मान बाहेर काढून गाडी निघत नाही."

येर्काबाईंच्या मागून नेवेन्का निघाली, मग तोंचीकाका, आणि शेवटी विल्को, डोकं आधी आणि बाकीचं मग, अख्ख्या गावाच्या साक्षीनं. कुणी हसलं नाही. विल्कोला त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं.

माली झालच्या लोकांना गाड्यांचं काही कळत नव्हतं, पण होडी कशी ओढतात हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं. लोव्रे, तोंचीकाकांचा मेहुणा, आला. त्यानं गाडीकडे एकदा आणि आपल्या वल्ह्यांकडे एकदा बघितलं.

"आणलीस का शेवटी," तो तोंचीकाकांना म्हणाला. "बरं झालं. लागणारच आहेत."

होड्या किनाऱ्यावर ओढताना खाली घालतात त्या चरबी लावलेल्या फळ्या आल्या. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये त्या सरकवल्या. धक्क्यावरच्या रहाटाची दोरी गल्लीतून वर आणून गाडीच्या पुढच्या कडीला अडकवली. वल्ही तरफ म्हणून मागच्या चाकांखाली लावली आणि त्यांच्यावर तोंचीकाकांसकट जाडजूड चार जण बसले. मग लोव्रेनं होडी ओढायची ती लांबलचक हाळी दिली, खाली रहाट फिरला, आणि म्लादेनची ती देव्हाऱ्यातली गाडी कुरकुरत, चरबीनं माखत, धक्क्यावर उतरली. लोक आनंदानं ओरडले. नवी होडी पाण्यात सोडताना वाइन शिंपडतात, तशी लोव्रेनं बरणीतली थोडी बॉनेटवर ओतली आणि उरलेली काखोटीला मारली.

तेवढ्यात बातमी आली की बुऱ्यामुळं पोलिसांनी किनाऱ्याचा रस्ता बंद केलाय आणि तो उद्या सकाळीच उघडेल. विल्कोनं फोन करून म्लादेनला सांगितलं.

"रस्त्याचं मला माहीत आहे," म्लादेन म्हणाला. "मासा आहे का ते सांगा."

विल्को प्रामाणिक माणूस होता. "सार्डिन आहे," तो म्हणाला. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी म्लादेननं गाडीत डोकं घालून बराच वेळ श्वास घेतला, तेव्हा माली झालच्या बायकांनी ती व्हिनेगर, लिंबू आणि कॉफीच्या गाळानं तीनदा घासलेली होती. तो बाहेर आला आणि म्हणाला, "मासा नाही. पण इथं कुणीतरी कोशिंबीर केली आहे." आणि त्यानं किल्ली घेतली. म्लादेनसारख्या माणसाकडून याहून मोठी क्षमा मिळत नाही.

पण ते दुसऱ्या दिवसाचं. त्या संध्याकाळी येर्काबाई पेरीनाकडे गेल्या आणि तोंचीकाकांना लोव्रेनं बरणी संपवायला तिथंच नेलं. विल्को धक्क्यावर उभा राहून गाडीच्या दारावरची चरबी फडक्यानं पुसत होता. पेरीना आली आणि तिनं त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"तिकडं चला," ती म्हणाली.

धक्क्याच्या टोकाला जाळी ठेवायच्या दगडी खोपटाच्या आडोशाला, जिथं वारा लागत नव्हता, एक टेबल मांडलेलं होतं. दोन खुर्च्या होत्या. तिसरी नव्हती. टेबलावर निखाऱ्यांवर भाजलेले मासे, बटाटे घातलेली हिरवी भाजी आणि पाव होता. नेवेन्का आधीच बसलेली होती. पेरीनानं ताटल्या नीट केल्या, एकालाही कसे आहात, मुलगी काय करते, आयर्लंडला पाऊस असतो का, असं काहीही विचारलं नाही, आणि निघून गेली. तिला ते किती जड गेलं असेल हे तिच्या पाठीकडे बघून कळत होतं.

दोघं जेवू लागले. विल्को मधूनमधून धक्क्याकडे बघे. कुणीतरी येईल, खुर्ची ओढेल, मीठ आहे का विचारेल, याची त्याला खात्री होती. कुणी आलं नाही. समुद्र वाऱ्यानं पांढरा झाला होता, आणि त्यांच्याभोवती मात्र शांत होतं.

"रुमाल गेला," विल्को म्हणाला.

"एखाद्या माशानं बांधला असेल गळ्यात," नेवेन्का म्हणाली. "त्याला शोभेल."

विल्कोनं मान वर केली आणि त्याचं लक्ष घरांकडे गेलं. धक्क्याला लागून ओळीनं उभ्या असलेल्या माली झालच्या सगळ्या घरांच्या सगळ्या झडपा लावलेल्या होत्या. एकही बोटभर उघडी नव्हती. अख्खं गाव समुद्राकडे पाठ करून बसलं होतं.

"वाऱ्यामुळं लावल्यात," तो म्हणाला.

नेवेन्का त्याच्याकडे बघत राहिली. "वारा डोंगराकडून येतोय, विल्को," ती म्हणाली. "ही समुद्राकडची बाजू आहे."

तीस वर्षं झडपा रंगवलेल्या माणसाला हे सांगावं लागत होतं. विल्कोनं पुन्हा बघितलं. मग त्याला नीट दिसेना, म्हणून त्यानं ताटलीतल्या माशाकडे बघितलं. काटे नव्हते तिथं काटे शोधायला सुरुवात केली. त्या बंद झडपांमागं माणसं बसलेली होती, जन्मात कधी न धरलेला धीर धरून, आणि त्यातल्या एकीमागं येर्काबाई होत्या. या लोकांचे आभार कसे मानायचे हे त्याला कळेना, कारण आभार मानायला बघत तर कुणीच नव्हतं.

पेरीनाच्या, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घराची झडप किंचित किलकिली झाली. "जावईबापू," तोंचीकाकांचा आवाज आला, "माशाला मीठ पुरेसं आहे ना?" आतून येर्काबाईंचं काहीतरी ऐकू आलं आणि झडप धाडकन मिटली.

नेवेन्का हसली. ते पाहुण्यांसमोरचं हसू नव्हतं. विल्कोला ते ओळखीचं वाटायला थोडा वेळ लागला.

"बोल की काहीतरी," ती म्हणाली. "तीस वर्षांनी बसलोय."

विल्कोनं घरांच्या ओळीवरून नजर फिरवली. 

"यांचा रंग पार गेलाय गं," तो शेवटी म्हणाला. "सगळ्यांचाच."

पुढच्या उन्हाळ्यात दोघं बसनं माली झालला गेले, हिरव्या रंगाचे डबे घेऊन. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी बसली होती. तिनं विल्कोकडे बघितलं, डब्यांकडे बघितलं, आणि आत हाक मारून सांगितलं, "विल्को आलाय."